पंच कोणाचा?

खामगावच्या जिनिंगमधील एखादा हमाल आपल्या गावातील बेकायदा सावकारीविषयी नाव न देता समाजमाध्यमावर चार ओळी लिहितो, असे समजू. सावकार मानहानीची ओरड करतो. मजकूर काढा आणि लिहिणाऱ्याचे नाव सांगा, अशी मागणी करतो. हा तंटा कोणी सोडवावयाचा? प्रश्न तांत्रिक भासतो. वस्तुतः तो सत्तेचा आहे.

2021च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रथम तक्रार कंपनीच्याच तक्रार-अधिकाऱ्याकडे जाते. ज्याचा पगार कंपनी देते, तो कंपनीच्या नफ्यापलीकडे कितपत पाहणार? त्याच्या निर्णयावर 2023 पासून तीन अपील समित्यांकडे दाद मागता येते. परंतु प्रत्येक समितीचा अध्यक्ष आणि दोन्ही सदस्य केंद्र सरकारच नेमते. म्हणजे भांडवलदाराच्या दारातून निघालेल्या माणसाने शासनाच्या दारात उभे राहावयाचे. गाऱ्हाणे शासनाच्याच कारभाराविषयी असेल तर?

ही शंका निराधार नाही. केंद्राच्या कारभाराविषयीचा कोणता मजकूर खोटा, हे केंद्राच्याच कक्षाने ठरवावे, अशी तरतूद 2023 मध्ये करण्यात आली. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींत मतभेद झाल्यावर न्या. अतुल चांदूरकर यांनी 20 सप्टेंबर 2024 रोजी ती घटनाबाह्य ठरविली. स्वतःच्या खटल्यात कोणी न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व अपील समित्यांनाही लागू पडावयास नको काय?

निनावीपणामुळे अफवा पसरविणाऱ्यांचे आणि स्त्रियांची बदनामी करणाऱ्यांचे फावते, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. परंतु गावात नाव उघड होण्याची किंमत दोन्ही पक्षांना सारखी पडत नाही. सावकाराचे नाव निघाले तर त्याची अब्रू जाईल. हमालाचे निघाले तर त्याचे काम जाईल, उधारी बंद होईल, प्रसंगी जीवही जाईल. माहितीच्या अधिकाराचा वापर करून जमीन-व्यवहार उघडकीस आणणाऱ्या सतीश शेट्टी यांची तळेगाव दाभाडे येथे 13 जानेवारी 2010 रोजी हत्या झाली. त्यानंतर 2014 साली जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. पण तो अंमलात आणलाच गेला नाही आणि त्यातही निनावी तक्रारीस स्थान नाही!

तेव्हा बेबंद निनावीपणा आणि सक्तीची ओळख-परेड यांतून एकाची निवड करण्याचे कारण नाही. तंटा सोडवावयास तिसरा पंच हवा. मात्र तो कंपनीचाही नको आणि सरकारचाही नको. त्याची नेमणूक उच्च न्यायालयाच्या संमतीने व्हावी. लिहिणाऱ्याचे नाव केवळ त्याच्याकडे मोहोरबंद राहावे, निकाल मजकुराच्या खरेखोटेपणावर व्हावा आणि गुन्हा घडल्याचे सकृद्दर्शनी दिसल्यास न्यायालयाच्या आदेशानेच मोहोर फुटावी. आजच्या नियमांत न्यायालयाप्रमाणेच शासकीय अधिकाऱ्याच्या आदेशावरूनही संदेशाचा मूळ कर्ता शोधून देण्याची सक्ती आहे. ती रद्द झालीच पाहिजे.

असा पंच जिल्ह्याच्या ठिकाणी असणे अशक्य नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती सांगितली आहे आणि तक्रारदार स्त्रीची ओळख प्रसिद्ध करण्यास मनाई केली आहे. मग मेहकर वा मलकापूरच्या श्रमिकाने दिल्लीकडे का पाहत बसावे?

गुप्त मतदानाने गरिबाला मालकाच्या नजरेआड मत देता आले. तेच संरक्षण त्याच्या शब्दालाही मिळवून देणे, हे कार्यकर्त्यांपुढील काम आहे.