शेतकीची पदवी आणि संख्याशास्त्राचं दार

आपल्याकडे मेकॅनिकलवाला आयटीत जातो, सिव्हिलवाला एमबीए करतो, डॉक्टर झालेली मुलगी यूपीएससी देते, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण शेतकीची पदवी घेतलेल्या पोराने "मला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करायचंय" म्हणू दे, की अख्खं घर विचारतं, "तुझा काय संबंध?"

माझ्या मावसभावाचं सध्या हेच चाललंय. मु. पो. कळंब, जिल्हा धाराशिव. बी.एस्सी. ॲग्री झालाय. मावशीचं म्हणणं, एमपीएससीचा क्लास लाव. काकांचं म्हणणं, कृषी केंद्र टाक. आणि मी पडलो घरातला 'कॉम्प्युटरवाला दादा', त्यामुळे निवाडा माझ्याकडे आलाय. तर मंडळी, माझं मत: त्याने अर्ज करावा. फक्त 'डेटा सायन्सला लई स्कोप आहे' एवढ्याच कारणावर करू नये.

संबंध काय, ते आधी सांगतो. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. १९३२ साली फर्ग्युसनमधून पदवी घेतली ती गणितात, सोबत भौतिकशास्त्र. तिथून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ मध्ये पीएच.डी. झाली संख्याशास्त्रात! त्यांचे पुढचे प्रतिस्पर्धी प्रशांतचंद्र महालनोबिस तर मूळचे भौतिकशास्त्राचे. म्हणजे या देशात हा विषय ज्यांनी रुजवला, तेच मुळात 'बाहेरचे' होते.

दोघांचं भांडण कशावरून झालं, तर पीक कापणी प्रयोगावरून. शेतातला ठराविक मापाचा तुकडा कापायचा, धान्य वजन करायचं, त्यावरून उत्पन्नाचा अंदाज बांधायचा. महालनोबिस म्हणत, छोटे तुकडे घ्या, पण पुष्कळ ठिकाणी घ्या. सुखात्मेंनी १९४०च्या दशकात दाखवून दिलं की तुकडा फार छोटा असला तर उत्पन्न फुगून येतं. कारण अगदी साधं आहे. कडेवरची रोपं आत धरायची की बाहेर, या घोळात माणूस ती आत धरतो, आणि तुकडा जितका छोटा तितका कडेचा हिस्सा मोठा.

आता हे धाराशिवला आणून बघा. खरीप २०२०च्या सोयाबीन विम्यासाठी इथल्या शेतकऱ्यांना औरंगाबाद खंडपीठापर्यंत जावं लागलं. तेव्हा वाद होता नुकसानीची सूचना ७२ तासांत दिली की नाही याचा. खरीप २०२५ पासून राज्याने योजनाच बदलली आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पन्नावर ठेवली. त्याच सप्टेंबरात परांडा-भूममध्ये पुराने शेतं वाहून गेली. म्हणजे महसूल मंडळातल्या मोजक्या प्लॉटांवर अख्ख्या मंडळाचा विमा ठरणार. उत्पन्न फुगून आलं, तर भरपाई तेवढी आटणार. हा हिशोब ज्याला कळतो आणि ज्याने सोयाबीनची रास स्वतः केलेली आहे, असा माणूस मला तरी माझ्या ऑफिसात दिसत नाही. (आमच्याकडे सरासरी काढून तिला 'मॉडेल' म्हणतात, ते सोडा.)

आता दारं कुठं उघडी आहेत? कोलकात्याच्या आयएसआयच्या एम.स्टॅट.ला पदवीच्या शाखेची अट नाही. प्रवेश परीक्षेत मात्र गणित घाम काढतं. आयआयटीसाठी 'जॅम'चा मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स पेपर आहे, १०० मार्कांचा. पण पदवीला कोणते विषय हवेत याची अट प्रत्येक आयआयटीची वेगळी, ती आधी वाचावी, मग क्लासची फी भरावी. आणि ॲग्रीवाल्यांना सगळ्यात जवळचं दार म्हणजे दिल्लीची आयएएसआरआय, म्हणजे कृषी संशोधन परिषदेतल्या ज्या विभागाला सुखात्मेंनी आकार दिला, तोच पुढे वाढून झालेली संस्था. कृषी संख्याशास्त्राची एम.एस्सी. तिथे होते. आमच्या साहेबांनी हे नावही ऐकलं नव्हतं, कॉलेजात कुणी सांगितलंच नाही म्हणे.

आपल्या बऱ्याचशा विद्यापीठांत मात्र पदवीला संख्याशास्त्र नाहीतर गणित हवंच. ही अट मला पटत नाही. परीक्षा घ्या ना! अवघड घ्या, हवं तर निम्म्यांना पाडा. पण अठराव्या वर्षी गावाजवळ जे कॉलेज मिळालं, त्यावरून बाविसाव्या वर्षी दार लावून घेणं हा कुठला न्याय? तालुक्याच्या पोराला तेव्हा निवड असतेच कुठे?

याची दुसरी बाजूही आहे, आणि ती मी त्याला कडक शब्दांत सांगितली. ॲग्रीच्या चार वर्षांत तो टी-टेस्ट आणि एनोव्हा शिकलाय, पण सूत्रात आकडे घालण्यापुरताच. ते सूत्र आलं कुठून हे विचारलं की गप्प. मॅट्रिक्स, श्रेणी, कॅल्क्युलस हे बारावीनंतर सुटलेलं सगळं परत करावं लागणार, आणि त्यानंतर प्रोबॅबिलिटी. पायथनचा तीन महिन्यांचा कोर्स याची भरपाई करत नाही. वर्ष जाईल. कदाचित दीड.

तेवढं वर्ष घरात बसून पोसायची तयारी आहे का, हा प्रश्न मावशीला विचारायचा राहिलाय. तो मी या रविवारी फोनवर विचारणार आहे. शिव्या खायची तयारी ठेवून :)