शांत पाणी फसवे असते

शुक्रवारची रात्र झाली की बेंगळुरूच्या मॅजेस्टिक बसस्थानकावर मंगळूर, उडुपी, गोकर्णच्या गाड्यांपाशी एकच गर्दी उसळते. पाठीला पिशव्या, हातात चेंडू आणि मुलांच्या तोंडी एकच घोष, ‘उद्या समुद्र!’ समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेल्या या शहरातून मंगळूरचा किनारा साडेतीनशे किलोमीटर दूर आहे. शिराडी घाट उतरला, नारळीच्या बागा दिसू लागल्या, की मोठ्यांचेही पाय आपोआप पाण्याकडे वळतात. मात्र कोकणातल्या मुलाला जे आजोबांकडून कळते, ते शहरात वाढलेल्या मुलाला कोण सांगणार? सांगण्याची ती जबाबदारी आईवडिलांवर येते. आणि जेथे नदी समुद्राला मिळते, तेथे तर ती फारच मोठी असते.

मंगळूरच्या उत्तरेला मुल्कीजवळ ससिहित्लू नावाचे गाव आहे. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला नंदिनी नदी आणि मध्ये वाळूची चिंचोळी पट्टी. पट्टीच्या टोकाशी नंदिनी आणि शांभवी एकत्र येऊन समुद्राला मिळतात. मुल्कीला २००४ च्या सुमारास सर्फिंगचा, म्हणजे फळीवर उभे राहून लाटेवरून घसरण्याचा खेळ रुजला आणि २०१६ पासून ससिहित्लूला त्याच्या राष्ट्रीय स्पर्धाही भरू लागल्या. आता बेंगळुरूची तरुण मंडळी खास हा खेळ शिकायला तिकडे जातात.

या खेळाडूंना नदीचे मुख आवडते, त्याला कारण आहे. नदी आपल्याबरोबर वाळू आणते आणि मुखाशी तिचा दांडा तयार होतो. समुद्राकडून येणारी लाट या दांड्यावर चढते, उंच होते आणि एका ओळीत फुटत जाते. लाट साधारणपणे तिच्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात फुटते. म्हणजे एक मीटर उंचीची लाट फुटली, की तेथे पाणी सव्वा मीटरच्या आसपास आहे असे समजावे.

आता याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. जेथे लाट फुटत नाही, तेथे पाणी खोल आहे! दोन दांड्यांच्या मध्ये एक सपाट, गडद, शांत पट्टा दिसतो. किनाऱ्यावर आलेले सारे पाणी आणि नदीचा प्रवाह याच वाटेने बाहेर पडत असतो. लाटांना घाबरणारी आई मुलांना सांगते, ‘तिकडे लाटा आहेत, इकडे खेळा.’ आणि मुले नेमकी त्या पट्ट्यात उतरतात. अनुभवी सर्फर हाच प्रवाह सरकत्या जिन्यासारखा वापरतो. फळीवर पालथा पडून तो विनासायास लाटांच्या पलीकडे पोहोचतो. ज्या पाण्यावर तो स्वार होतो, तेच पाणी सहलीला आलेल्या मुलाला ओढून नेते. फरक इतकाच, की एकाला वाट ठाऊक असते आणि हाताखाली तरंगती फळी असते.

आपली मुले पोहायला शिकली आहेत, असे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. अशा प्रवाहाचा वेग एरवी कमी असला, तरी कधी कधी तो सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. शंभर मीटर अंतर पन्नास सेकंदांत कापणारा पट्टीचा पोहणारासुद्धा त्याच्याविरुद्ध जागच्या जागीच राहील. मग तरणतलावात शिकलेल्या मुलाची काय कथा!

ओहोटीची वेळ ओळखा

नदीच्या मुखाशी सर्वांत धोक्याची वेळ ओहोटीची. भरतीला आत शिरलेले पाणी आणि नदीचे स्वतःचे पाणी, दोन्ही एकदम अरुंद मुखातून बाहेर धावतात. समोरून येणाऱ्या लाटा या प्रवाहावर आदळून अधिक उभ्या होतात. समुद्राची ओहोटी संपली तरी आतले पाणी काही वेळ बाहेर पडतच राहते.

कोकणात भरतीचा एक जुना ठोकताळा आहे. तिथीची पाऊणपट करावी. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती पूर्ण. पुढे सुमारे सहा तास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा ओढ जास्त. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा कमी. हा हिशेब मुंबई-रत्नागिरीकडचा आहे. कर्नाटकच्या किनाऱ्यावर वेळ मागेपुढे होते, म्हणून तेथील कोळ्यांना किंवा जीवरक्षकांना विचारणे उत्तम.

भरतीचाही एक धोका आहे. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालत माणसे मुखाजवळच्या वाळूच्या बेटावर जातात. फोटो काढण्यात वेळ जातो आणि परतायची वाट गळ्यापर्यंत बुडते.

आकाश निरभ्र, तरी लाटा

वारा नाही, ढग नाही, म्हणजे समुद्र शांत असेलच असे नाही. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे वादळ झाले, की तेथे उठलेल्या लाटा हजारो किलोमीटर प्रवास करून आपल्या किनाऱ्यावर येतात. केरळचे कोळी याला ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोरसमुद्र म्हणतात. हैदराबादची भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था अशा लाटांचा इशारा आधी देते. निघण्यापूर्वी तो पाहावा. लाटा घोळक्याने येतात, मध्ये काही मिनिटे शांतता असते. म्हणून पाण्यात उतरण्याआधी निदान पंधरा मिनिटे काठावर बसून समुद्र पाहावा.

पावसाळ्यात तर मुखाकडे फिरकूच नये. जून आणि जुलैमध्ये कर्नाटकात यांत्रिक मासेमारीही बंद असते. पुराबरोबर झाडांचे ओंडके, तुटकी जाळी वाहत येतात आणि गढूळ पाण्यात ती दिसत नाहीत. वाळूचे दांडे जागा बदलतात. गेल्या वर्षीची उथळ जागा यंदा खोल झालेली असते.

ओढले गेल्यास

किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये. दम संपतो आणि माणूस बुडतो. उताणे तरंगावे, हात वर करून मदत मागावी. ताकद असेल तर किनाऱ्याला समांतर, जिकडे लाटा फुटत आहेत तिकडे सरकावे. तेथे पाणी उथळ असते आणि लाटाच काठाकडे ढकलतात. काठावरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. वाचवायला गेलेलाही बुडाल्याच्या घटना कितीतरी आहेत. झाकण लावलेला रिकामा कॅन, चेंडू, दोरी, जे तरंगेल ते फेकावे आणि ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ क्रमांकावर फोन करावा. बाहेर काढलेल्याचा श्वास बंद असेल, तर पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नये. लगेच तोंडाने श्वास देणे आणि छाती दाबणे सुरू करावे.

१५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळ वायरीच्या समुद्रात बेळगावहून सहलीला आलेल्या ८ जणांचा बळी गेला. डिसेंबर २०२४ मध्ये बेंगळुरूशेजारच्या कोलार जिल्ह्यातील एका निवासी शाळेच्या ४ मुली मुरुडेश्वरला बुडाल्या. दोन्ही सहली आनंदाने निघाल्या होत्या.

समुद्राला घाबरून घरी बसावे, असे मुळीच नाही. मुल्कीपासून जवळच पडुबिद्रीचा किनारा आहे. त्याला २०२० मध्ये ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. अशा ठिकाणी लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या, जीवरक्षकाच्या नजरेतल्या पाण्यात मुलांना मनसोक्त डुंबू द्यावे. सर्फिंग शिकायचे तर प्रशिक्षकाबरोबरच शिकावे. नदीचे मुख मात्र काठावरून पाहावे. सूर्यास्ताच्या वेळी ते फार सुंदर दिसते.

आणि गाडीत बसण्यापूर्वी मुलांकडून एक गोष्ट पाठ करून घ्यावी : समुद्रात जेथे लाट नाही, तेथे आपण उतरायचे नाही.