आजोबांचा ‘शोले’ आणि नातवाचा ‘शोले’



१२ डिसेंबर २०२५ रोजी ‘शोले’ पुन्हा थिएटरात लागला. मूळ प्रदर्शनाला पन्नास वर्षे झाली म्हणून. मीरा रोड-भाईंदरच्या ज्या घरांतले आजोबा पंचाहत्तर साली लॅमिंग्टन रोडच्या मिनर्व्हाबाहेर रांगेत उभे होते, त्या घरांतली नातवंडे मॉलमध्ये जाऊन तोच सिनेमा पाहून आली आणि जेवायच्या ताटावर वाद पेटला. नातू म्हणतो, शेवटी ठाकूर गब्बरला ठार मारतो. आजोबा म्हणतात, छे! ऐनवेळी पोलीस येतात आणि पकडून नेतात, आम्ही एकदा नाही, सात वेळा पाहिलाय. आजी कोणाचीच बाजू घेत नाही, भात वाढते.

आम्ही सांगतो, दोघेही खरे बोलत आहेत.

‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. देशात आणीबाणी लागून दोन महिनेही झाले नव्हते. दिग्दर्शक रमेश सिप्पी यांनी शेवट वेगळा केला होता. त्यात हात तुटलेला ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला तुडवतो आणि त्याचा जीव घेतो. सेन्सॉर बोर्डाला हे पटले नाही. ठाकूर हा पोलीस खात्यातला जुना अधिकारी, त्यानेच कायदा हातात घेतला तर लोकांनी काय शिकायचे, असा त्यांचा मुद्दा. मग शेवट पुन्हा चित्रित करावा लागला, पोलीस आणावे लागले. अहमदच्या, म्हणजे सचिनने केलेल्या पोराच्या, हत्येचा प्रसंगही कापला गेला. मिनर्व्हात पाच वर्षे जो सिनेमा चालला तो हा, पोलीस येणारा.

मूळ शेवट मग गेला कुठे? तो १९९० साली इंग्लंडात निघालेल्या व्हिडिओ कॅसेटवर बाहेर आला. पुढे डीव्हीडी आल्या, त्याही दोन तऱ्हेच्या. एक १९८ मिनिटांची, दुसरी २०४ मिनिटांची. सिनेमावेड्या मंडळींनी या दोन्ही शेजारी शेजारी लावून पाहिल्या आणि कुठे काय कापले त्याचा हिशेब ठेवला. म्हणजे मूळ शेवट होता ही गोष्ट पस्तीस वर्षे जागी राहिली, ती या वेड्या माणसांमुळे. कंपनीच्या गोदामात तेव्हा डबे नुसते पडून होते.

त्या डब्यांचीही कथा ऐकण्यासारखी आहे. सिप्पी कुटुंबाने मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनकडे काम सोपवले. ही संस्था शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१४ साली काढली. मूळ निगेटिव्ह खराब झालेली निघाली आणि ७० मि.मी.ची एकही प्रिंट शिल्लक नव्हती. ज्या प्रिंटच्या भव्यतेवर अख्खी मुंबई खूष होती, तिची एकसुद्धा नाही! मग इंग्लंडच्या गोदामातून जुन्या मधल्या प्रती शोधल्या, इटलीतल्या बोलोन्याच्या प्रयोगशाळेत काम केले, आणि २७ जून २०२५ रोजी तिथल्याच मोठ्या चौकात, उघड्यावर, मूळ शेवटासह ‘शोले’ दाखवला. पाठोपाठ तो आपल्याकडे आला.

हे काम चालते कसे, ते थोडक्यात पाहू. सिनेमाची पट्टी म्हणजे एका सेकंदाला चोवीस छायाचित्रे. २०४ मिनिटांचा हिशेब घातला तर २,९३,७६० चित्रे होतात. ३५ मि.मी.च्या पट्टीवर एका फुटात सोळा चित्रे बसतात, म्हणजे पट्टीची लांबी १८ हजार फुटांच्या वर, जवळपास साडेपाच किलोमीटर. मीरा रोड स्टेशनातून रुळांच्या कडेने ही पट्टी उलगडत निघालो, तर भाईंदर मागे टाकून आपण खाडीच्या पुलावर जाऊ. त्यातले एकेक चित्र स्कॅनर नावाच्या यंत्राखाली थांबवून टिपायचे. त्याआधी पट्टी हाताने तपासायची, तुटलेले जोड पुन्हा चिकटवायचे, कडेची फाटलेली भोके दुरुस्त करायची, धूळ आणि तेल पुसायचे. स्कॅन झाल्यावर संगणकावर ओरखडे काढायचे, उडालेले रंग परत आणायचे. भाईंदरच्या स्टीलच्या कारखान्यात ज्यांनी भांड्याला हाताने पॉलिश मारले आहे, त्यांना हे काम वेगळे सांगायला नको. एक ओरखडा राहिला तर तोच डोळ्यात भरतो, आणि जास्त घासले तर भांडेच पातळ होते. चित्राचेही तसेच. फार साफ केले की माणसांचे चेहरे मेणाचे दिसू लागतात.

आता जरा अमेरिकेकडे वळू, कारण तिथे हेच प्रकरण उलट्या बाजूने घडले. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ हा सिनेमा आला, लहानथोर सगळ्यांनी डोक्यावर घेतला. वीस वर्षांनी, १९९७ साली, दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी त्यात नवी दृश्ये घातली, जुनी बदलली आणि हाच आता खरा सिनेमा असे ठरवले. लोकांनी थिएटरात पाहिलेला सिनेमा मागे पडला. तेव्हा काही चाहत्यांनी सत्याहत्तर साली थिएटरांत फिरलेली एक ३५ मि.मी.ची प्रिंट मिळवली, पदरचे पैसे घालून ती स्कॅन केली, फावल्या वेळात साफ केली आणि २०१८ साली तिची प्रत इतर चाहत्यांना दिली. परवानगी अर्थातच नव्हती.

हे कायद्यात बसत नाही. आपल्याकडेही १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे सिनेमावर साठ वर्षे मालकाचा हक्क असतो, म्हणजे ‘शोले’वर तो २०३५ अखेरपर्यंत आहे. नकली डीव्हीडीचा ठेला मांडणाऱ्याची बाजू आम्ही कधी घेणार नाही, तो कष्ट करणाऱ्यांचे पैसे बुडवतो. पण मालक जी वस्तू नीट जपत नाही आणि दुसऱ्यालाही जपू देत नाही, ती एखाद्याने पोटाला चिमटा काढून जपली, एक पैसा न घेता, तर त्याला चोर म्हणायला आमची जीभ वळत नाही.

आणि इथेच आमची खरी काळजी आहे. ‘शोले’च्या बाबतीत सगळे म्हणतात, मूळ सिनेमा परत आला. आला, चांगलेच झाले. दिग्दर्शकाच्या मनातला तो मूळ. पण आपल्या लोकांनी पाहिलेला मूळ कोणता? गिरणीची पाळी सुटल्यावर डबा हातात घेऊन लोक ज्याच्या तिकिटाला उभे राहिले, तो पोलीस येणारा ‘शोले’ही मूळच आहे. सेन्सॉरची कात्री त्यात दिसते हे खरे. पण ती कात्री हाही त्या सालाचा पुरावा आहे. त्या साली सरकारला पडद्यावर काय दिसलेले चालत होते आणि काय नव्हते, हे त्या खोट्या शेवटातून कळते. आता झळझळीत नवा ‘शोले’ सगळीकडे लागेल आणि जुना कुठल्याशा डीव्हीडीवर धूळ खात पडेल, असे होऊ नये. दोन्ही स्कॅन व्हावेत, दोन्ही एकाच दर्जाने जपावेत, आणि कोणता कधीचा हे डब्यावर स्पष्ट लिहावे. आजोबांचा शब्द खोटा पडता कामा नये.

मूळ प्रत नसली की काय होते, हे आपल्याला दरवर्षी सहा डिसेंबरला कळते. बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेचे जे चलचित्र आपण पाहतो, ते नामदेव व्हटकर यांनी १९५६ साली स्वतःच्या हिमतीवर, पदरमोड करून टिपले. कुठल्या मोठ्या कंपनीने त्यांना पाठवले नव्हते. पण वस्तीवस्तीत आपण पाहतो ती प्रतीची प्रत आणि तिचीही प्रत. गर्दीतले चेहरे पांढरे पडलेले, कडा कापलेल्या, वर कोणीतरी गाणे चढवलेले. त्या गर्दीत कोणाचा तरी आजा असेल, कोणाची आजी डोळ्यांना पदर लावून उभी असेल, ओळखता येत नाही. एकाखाली एक काढलेल्या दहा प्रतींपेक्षा पहिल्या पट्टीवरून नीट काढलेला एक स्कॅन कितीतरी जास्त दाखवतो.

देशाने या बाबतीत फार गमावले आहे. पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ साली गिरगावच्या मॅजेस्टिकमध्ये लागला, आज त्याची एकही प्रत नाही. जुन्या कृष्णधवल पट्ट्यांत चांदी असते, ती काढण्यासाठी किती सिनेमे धुतले गेले! पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयात पी. के. नायर यांनी आयुष्य घालवून डबे गोळा केले, तर २००३ साली पुण्यातच आग लागून जुन्या ज्वालाग्राही पट्ट्यांचा मोठा साठा जळाला. आणि २०१० नंतरच्या काही वर्षांत थिएटरे डिजिटल झाली, तशा वितरकांच्या गोदामातल्या प्रिंटी किलोच्या भावाने भंगारात जाऊ लागल्या.

भंगाराचा धंदा आपल्या भागातही कमी नाही, आणि आपलेच पुष्कळ भाऊ त्यात राबतात. म्हणून मुद्दाम सांगतो. गोल, चपटा, पत्र्याचा डबा हाती आला आणि आत भोके असलेली पट्टी दिसली, तर ती ओढून उलगडू नका. आंबट, व्हिनेगरसारखा वास आला तर पट्टी सडू लागली आहे असे समजा आणि तो डबा बाकीच्या डब्यांपासून लांब ठेवा, कारण ही सड पसरते. हौसेने प्रोजेक्टरवर चढवू नका, भोके फाटली की यंत्रालाही धरता येत नाही. १९५० च्या आसपासची किंवा त्याआधीची वाटली तर विडी-काडी दूर ठेवा, त्या काळची पट्टी कागदापेक्षा वेगाने पेट घेते. डब्यावरचे नाव, आकडे, चिकटवलेला कागद तसाच राहू द्या. मग पुण्याच्या फिल्म संग्रहालयाला किंवा मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनला कळवा.

घरातल्या व्हिडिओ कॅसेटींचेही पाहा. लग्नाच्या, धम्मपरिषदेच्या, टीव्हीवरून टेप केलेल्या सिनेमांच्या. त्या टेप केलेल्या सिनेमांत कधीकधी अशी आवृत्ती असते जी पुढे कुठेच मिळत नाही. आपल्याकडे खाडीची दमट हवा, त्यामुळे फितीवर पांढरी बुरशी धरते. तशी दिसली तर व्हीसीआरमध्ये घालू नका, फीत तर जाईलच, यंत्राचे हेडही जाईल. नवे व्हीसीआर बनवणे जगात २०१६ सालीच थांबले. म्हणून शेजारीपाजारी कोणाकडे चालू मशीन असेल तर एकेका कॅसेटची प्रत संगणकावर उतरवून घ्या, आणि उतरवल्यानंतरही मूळ कॅसेट टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळू नका, कोरड्या कापडात गुंडाळून कपाटात उभी ठेवा, आणि वर साल लिहा.