तळटीपेतला तरवड

ग्रामीण कथा शिकवताना ‘तरवड’ हा शब्द आला की आम्ही अडखळतो. तळटीपेत ‘एक रानटी झुडूप’ एवढेच लिहिलेले असते. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि पुढे सरकतात. लेखकाने त्या एका शब्दात उभा केलेला माळ वर्गात येतच नाही. तरवड म्हणजे मुरमाड जमीन, अवर्षण आणि गुरांनी तोंड न लावलेले हिरवेपण. त्याच्या सालीवर कातडी कमावली जाई, म्हणजे एका अख्ख्या समाजाचे कष्टही त्या शब्दात आहेत. नवरात्रात घटावर चढणारी पिवळी माळ त्याचीच. शेजारच्या तेलंगणात तर तो ‘तंगेडू’ या नावाने राज्यपुष्प आहे. बतुकम्मा त्याच्यावाचून रचली जात नाही.

हा शब्द समजावून सांगावा लागतो, याला आपल्या बागाही जबाबदार आहेत, असे आमचे मत आहे. महाविद्यालयाच्या आवारात पिवळा रंग हवा म्हणून ब्राझीलची अलामांडा लावायची आणि चैत्र-वैशाखात तिला विकतचे पाणी घालायचे, ही रसिकता आम्हांला कळत नाही. (परक्या फुलांशी आमचे वैर नाही. झेंडूही मूळचा मेक्सिकोचा. त्याच्याविना दसऱ्याची कल्पना कोण करील?)

तरवडाला लागते फार थोडे: दिवसभराचे ऊन आणि पाण्याचा निचरा. बियांचे कवच टणक असते, म्हणून त्या गरम पाण्यात टाकून रात्रभर भिजवाव्यात आणि पावसाच्या आरंभी थेट जागेवर पेराव्यात. सोटमूळ खोल जाते, नंतर हलवलेले त्याला मानवत नाही. रोप एकदा धरले की पाणी देण्याचा मोह आवरावा. बहर ओसरल्यावर छाटणी केली की झुडूप वर्षानुवर्षे आटोपशीर राहते. फुलांत मध नसतो. भुंगे पंखांचे स्नायू थरथरवून परागकोशांतून पराग झाडून घेतात. तो गुंजारव ऐकण्यासाठी तरी वर्ग बाहेर न्यावा.

आमची पहिली रोपे मात्र माळीमामांनी तण समजून उपटली. चूक आमचीच, त्यांना आधी विचारले नव्हते. सांगितल्यावर ते हसले. “तरवड कुणी लावतं का, सर? तो बांधावर आपसूक येतो.” तळटीपेपेक्षा हे कितीतरी अधिक होते. पुढच्या पावसाळ्यात जागा त्यांनीच निवडून दिली: ग्रंथालयामागची, जिथे नळ पोचत नाही म्हणून आजवर काहीच लावलेले नव्हते.