कलमी वेलींचा मुलूख

माणसे देशांच्या सीमा ओलांडतात, हे आपण नित्य पाहतो. परंतु माणूस आपल्या ओसरीवर जागच्या जागी बसलेला असावा आणि सीमाच त्याच्या डोक्यावरून पलीकडे निघून जावी, असेही जगात घडते. बेळगाव-कारवारकडील वाचकांस हे वेगळे सांगावयास नको. फ्रान्सच्या पूर्व कडेला, ऱ्हाइन नदी आणि व्होज पर्वत यांच्या मधोमध अल्सास नावाचा एक चिंचोळा प्रदेश आहे. त्याच्यावरून तर ही सीमा पाऊणशे वर्षांत चार वेळा गेली. १८७१ साली तो जर्मनीकडे गेला, १९१८ मध्ये फ्रान्सकडे परतला, १९४० मध्ये हिटलरने बळकावला आणि महायुद्ध संपता संपता पुन्हा फ्रान्सचा झाला.

आमची कन्या ऱ्हाइनच्या जर्मन तीरावर संसार करते. गेल्या शरदात तिच्याकडे मुक्काम असताना या मुलखात चार दिवस हिंडण्याचा योग आला. तेथील लोक आपल्या प्रदेशाची ओळख वाइनच्या नावाने करून देतात. मद्याशी आमचा परिचय वैद्यबुवांच्या द्राक्षासवापलीकडे कधी गेला नाही. तरीही द्राक्षमळे डोळ्यांनी पाहण्यास कोणाची हरकत असणार?

मार्लेनहाइमपासून तानपर्यंत सुमारे १७० किलोमीटरचा 'वाइनचा रस्ता' १९५३ साली आखण्यात आला. डाव्या हाताला सपाट मैदान, उजव्या हाताला व्होजचे डोंगर आणि दोहोंच्या मधल्या उतारावर द्राक्षांच्या ओळीच ओळी, असे दक्षिणेकडे जाताना दिसते. पश्चिमेकडून येणारे ढग व्होजच्या पलीकडेच रिते होतात. त्यामुळे कोलमार शहराच्या परिसरात वर्षाकाठी जेमतेम सहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेत नाशिक-सांगलीची द्राक्षे पिकतात, त्याच न्यायाने ही पिकतात. रीसलिंग आणि गेवुर्त्सट्रामिनर या इथल्या नामांकित जाती. बाटलीवर द्राक्षाच्या जातीचे नाव ठळकपणे छापण्याची येथे रूढी आहे. फ्रान्सच्या इतर भागांत बहुधा गावाचे किंवा मळ्याचे नाव पुढे असते.

या उतारांवरील गावे पाहताना प्रथम नजरेत भरतात ती लाकडी चौकटींची, मध्ये माती-चुना भरलेली, निळ्या-पिवळ्या-तांबूस रंगांची उंच घरे. एगिसहाइम हे गाव मधल्या गढीभोवती कांद्याच्या पापुद्र्यांसारखे वर्तुळावर वर्तुळ घेत वसले आहे. अकराव्या शतकातील पोप नववा लिओ हा येथल्याच सरदार घराण्यातला. रिकव्हीरच्या वेशीवर १२९१ साली बांधलेला दोल्डर नावाचा बुरूज अजून खडा आहे. जवळच्या हुनाव्हीर गावातील चर्च मळ्यांच्या मधोमध, षट्कोनी तटबंदीच्या आत उभे आहे. १६८७ पासून कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट हे दोन्ही पंथ त्या एकाच वास्तूत उपासना करीत आले आहेत. ज्या युरोपने या दोन पंथांच्या नावाखाली रक्ताचे पाट वाहविले, त्याच्याच एका खेड्याने ही तोड काढावी, याचे आम्हांला कौतुक वाटले.

सगळ्याच गावांच्या वाट्याला रिकव्हीरचे भाग्य आले नाही. तेथून थोड्याच अंतरावर बेनव्हीर आहे. १९४४ च्या डिसेंबरात कोलमारभोवती जी घनघोर लढाई झाली, तीत ते जमीनदोस्त झाले. आज तेथे दिसणारी घरे युद्धानंतर उभारलेली आहेत. एका गावात सातशे वर्षांचा बुरूज आणि शेजारच्या गावात जुने म्हणावे असे घर मुश्किलीनेच. सीमा सरकते ती अशी.

काइझर्सबर्ग हे आमच्या यात्रेतील तीर्थक्षेत्र. १८७५ साली आल्बर्ट श्वाइत्झर येथे जन्मले. गाव तेव्हा जर्मनीत होते, म्हणून ते जर्मन प्रजाजन. १९१३ मध्ये ते आफ्रिकेतील फ्रेंच वसाहतीत, लांबारेने येथे रुग्णसेवेसाठी गेले. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले आणि फ्रेंचांनी त्यांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेत ठेवले. १९१७ मध्ये तर बंदी म्हणून फ्रान्सला आणले. युद्ध संपले, अल्सास फ्रान्सला मिळाला आणि तेच श्वाइत्झर फ्रेंच नागरिक ठरले! भारतीय तत्त्वचिंतनावर ग्रंथ लिहिणाऱ्या या महापुरुषास पुढे १९५२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक लाभले. माणूस तोच, गाव तेच. बदलला तो फक्त कागद.

याच वाटेवर एका मळ्याच्या बांधाशी ऐंशीच्या घरातील एक वृद्ध बागाईतदार भेटले. द्राक्षांची तोडणी उरकली होती, पाने पिवळी पडली होती. आमच्या नऊ वर्षांच्या नातीशी ते आपल्या अल्सासी बोलीत बोलू लागले. ही बोली जर्मन कुळातली. नात तिच्या शाळेतल्या जर्मनमध्ये उत्तरे देऊ लागली आणि दोघांचे छान जमले. आजोबांनी खाली वाकून वेलीच्या बुंध्यावरची, जमिनीलगतची एक गाठ तिला दाखविली. ती धावत आमच्याकडे आली. "आजोबा, ते म्हणताहेत, खाली मूळ अमेरिकेचं आणि वर वेल इथली!"

ती म्हणत होती ते खरेच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा नावाची बारीक कीड अमेरिकेतून फ्रान्समध्ये शिरली आणि तिने मुळे खाऊन बागाच्या बागा उजाड केल्या. अमेरिकन जंगली वेलींची मुळे मात्र त्या किडीला दाद देत नसत. तेव्हा त्या वेलींचा खुंट लावून त्यावर आपल्या जातीचे कलम बांधण्याची युक्ती शोधण्यात आली आणि आजतागायत तीच चालू आहे. नाशिक-सांगलीकडील बागाईतदारही डॉगरिज नावाच्या अमेरिकन खुंटावर कलमे बांधतात. खुंट परक्या मुळाचा, परंतु फळ कलमाचे. रीसलिंगचे कलम असेल तर रीसलिंगच येणार.

निरोप घेताना आम्ही सहज विचारले, "आपली नातवंडे आपल्याशी याच बोलीत बोलतात ना?" नातीने प्रश्न पोचविला. म्हातारबुवा हसले, परंतु ते हसू डोळ्यांपर्यंत पोचले नाही. वडिलांशी ते अल्सासी बोलले होते, मुलांशी फ्रेंच, आणि नातवंडांना अल्सासी कळतच नाही. सहस्र योजने दूरच्या मराठी घरातली एक पोर त्यांच्याशी दोन गोष्टी बोलू शकली. घरचा नातू बोलू शकत नाही.

येथे वाचकांना आल्फाँस दोदे यांची 'शेवटचा धडा' ही कथा आठवेल. एनसीईआरटीच्या बारावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ती आहे. जर्मनांनी अल्सास घेतल्यावर शाळेतून फ्रेंच भाषा हद्दपार होते आणि मास्तर अखेरचा पाठ देतात, हा तिचा विषय. एक गोष्ट मात्र ती कथा सांगत नाही. अल्सासच्या खेड्यांतील बहुतेक मुलांची घरची भाषा त्या काळी फ्रेंचही नव्हती आणि पुस्तकी जर्मनही नव्हती. ती होती अल्सासी. दोन मोठ्या भाषांच्या भांडणात या धाकटीला कोणी विचारलेच नाही. १९४० नंतर नाझींनी फ्रेंच बोलण्यास बंदी केली, माणसांची फ्रेंच नावेसुद्धा बदलली आणि १९४२ पासून अल्सास व शेजारच्या मोझेल प्रांतातील सुमारे १ लाख ३० हजार तरुणांना सक्तीने आपल्या सैन्यात ओढले. युद्ध संपल्यावर जर्मनशी नाते असलेली प्रत्येक गोष्ट लोकांना लाजिरवाणी वाटू लागली. फ्रेंच बोलणे हेच झोकदार, अशा अर्थाची भित्तिपत्रके लागली. शाळेच्या आवारात अल्सासी शब्द उच्चारला तर मुलांना शिक्षा होई. मग आयांनी आणि बापांनी, मुलांच्या हिताचा विचार करून, घरीही फ्रेंच सुरू केली.

आमच्या मते अल्सासचा खरा शेवटचा धडा तो. तो कोणत्याही शाळेत झाला नाही. स्वयंपाकघरात झाला, आणि तेथे कोणी फळ्यावर काही लिहून ठेवले नाही. सैन्ये आली नि गेली, तरीही भाषा जगली होती. घराने हात सोडला, तेव्हा ती पडली.

तरी सगळेच संपले असे नाही. १९९१ पासून तेथील पालकांनी पुढाकार घेऊन द्वैभाषिक शाळा काढल्या आहेत. अनेक गावांत रस्त्यांच्या पाट्या दोन भाषांत आहेत. हुनाव्हीरलाच एक दिलासा देणारे उदाहरण आहे. करकोचा हा अल्सासचा लाडका पक्षी; १९७४ साली त्याच्या अवघ्या नऊ जोड्या तेथे उरल्या होत्या. १९७६ मध्ये गावात त्यांचे संवर्धनकेंद्र निघाले आणि आज घराघरांच्या धुराड्यांवर त्यांची घरटी शेकड्यांनी दिसतात. जे जाऊ लागले आहे ते परत येऊ शकते. परंतु त्यासाठी कोणीतरी रोज दाणा घालावा लागतो.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील आपण सारे कलमी वेलीच आहोत. आपला खुंट त्या त्या मातीचा आहे आणि तो तसाच असावा; त्याच्या बळावरच आपण तगलो. हिंदी, गुजराती, तेलुगू, कन्नड या भाषा आपल्या मुलांनी उत्तम बोलाव्यात, यात मराठीचे काही उणे होत नाही. प्रश्न फक्त कलमाचा आहे. सरकारी शाळेत उभा जन्म काढल्यामुळे शाळेची मर्यादा आम्ही जाणतो. शाळा अक्षर देईल, व्याकरण देईल. पण रुसवा, लाड, भांडण आणि बाजारहाट यांची भाषा शाळा देऊ शकत नाही. ती जेवणाच्या पानावरच मिळते. वेलीची छाटणी दरसाल ज्याची त्यालाच करावी लागते. एक वर्ष चुकले तर बाग रान होऊ लागते. तेव्हा वाचकहो, आज रात्री पाने मांडताना मुलांना एवढेच विचारा, "आज शाळेत काय काय झालं?" आणि उत्तर दुसऱ्या कोणत्या भाषेत आले, तर रागावू नका, तोच प्रश्न मराठीत पुन्हा विचारा.