‘गोठलेल्या काळा’ची भाकडकथा

युरोपातले एखादे जुने शहर पायी हिंडून आलेल्या मराठी माणसाने लेखणी उचलली की दोन वाक्ये हमखास उतरतात. ‘इथे काळ गोठला आहे’ हे पहिले. ‘त्यांनी जपले, आपण घालवले’ हे दुसरे. वापरून वापरून ती इतकी गुळगुळीत झाली आहेत की ती खरी आहेत का, हे तपासण्याची गरजच कुणाला वाटत नाही. प्रागविषयी तरी ती खोटी आहेत, आणि हा निव्वळ शैलीचा दोष म्हणून सोडून देण्याजोगा प्रकार नाही.

सुट्टीतल्या दोन-तीन दिवसांत होणारी प्रागची पायपीट ठरलेली असते: जुन्या चौकातले घड्याळ, चार्ल्स पूल, टेकडीवरचा किल्ला. किल्ल्यातल्या सेंट व्हायटस कॅथीड्रलचा पाया १३४४ सालचा. बांधकाम पुरे झाले १९२९ साली. ज्या पश्चिम दर्शनी भागासमोर प्रवासी मध्ययुगाच्या कल्पनेने गहिवरतो, तो आपल्या पणजोबांच्या काळातला आहे. घड्याळ १४१० सालचे खरे, पण खिडकीतून डोकावणारे त्याचे प्रेषित दुसऱ्या महायुद्धानंतर नव्याने कोरलेले. आधीचे मे १९४५ च्या आगीत जळाले. यान हुसने जिथे प्रवचने दिली ते बेथलेहेम चॅपल १७८६ साली पाडले गेले होते. आज दिसते ती, मूळ भिंतींचे काही अवशेष पोटात घेऊन, साम्यवादी राजवटीने १९५०च्या दशकात पुरी केलेली पुनर्बांधणी. चौकातला मेरीचा स्तंभ जमावाने १९१८ साली पाडला. त्याची प्रतिकृती २०२० साली उभी राहिली. गोठलेला काळ तो कुठला?

साहित्याचे विद्यार्थी ‘काफ्काचे प्राग’ शोधत योसेफोव्हकडे वळतात. काफ्का (जन्म १८८३) ज्या घरात जन्मला त्याचे केवळ प्रवेशद्वार उरले असून ते नव्या इमारतीत बसवलेले आहे. शेजारची ज्यू वस्ती तर तो शाळकरी असल्यापासून पाडली जात होती. आरोग्याच्या कारणास्तव १८९३ साली कायदा झाला, गल्लीबोळ गेले, आणि त्यांच्या जागी ज्या डौलदार इमारती आल्या त्यांनाच आपण ‘जुने प्राग’ म्हणून कॅमेऱ्यात भरून आणतो. तिथल्या जुन्या-नव्या सिनेगॉगमध्ये शिरताना पायऱ्या उतराव्या लागतात, कारण आजूबाजूची जमीन शतकानुशतके वर चढत गेली. ही गोष्ट पायांना कळते. वर्णनात मात्र उतरत नाही.

इथल्या ज्यू संग्रहालयाचा संग्रह पाहून ‘त्यांनी कसे जपले’ असे म्हणणे तर क्रौर्यच ठरेल. त्यातला मोठा भाग नाझी राजवटीत, बोहेमिया आणि मोराव्हियातल्या रिकाम्या केलेल्या वस्त्यांतून गोळा झाला. वस्तू प्रागला आल्या, माणसे छावण्यांत गेली. पिंकास सिनेगॉगच्या भिंतींवर त्यांपैकी सुमारे ७८,००० जणांची नावे आहेत. ती १९५०च्या दशकात लिहिली गेली, पुढे पुसली गेली, आणि साम्यवाद्यांची सत्ता गेल्यावर १९९०च्या दशकात पुन्हा लिहावी लागली. काफ्काच्या तिन्ही बहिणीही नाझींच्या हातून मारल्या गेल्या. वेन्सेस्लास चौकातली फरसबंदी २०२० साली उखडली तेव्हा काही दगडांच्या खालच्या बाजूला हिब्रू अक्षरे निघाली: साम्यवादी काळात ज्यू स्मृतिशिळा कापून केलेले ठोकळे. आपल्यापैकी कितीतरी जण त्यांवरून चालून आले असतील.

कुणी म्हणेल, तरीही त्यांच्याकडे जतनाची यंत्रणा आहे, कारागीर आहेत, पैसा आहे. आहेच. पण जपणे हा कुठल्या समाजाचा जन्मजात स्वभाव नसतो. कुणाची घरे पाडायची आणि कुणाची मंदिरे ठेवायची, याचा तो निर्णय असतो. ‘आपण घालवले’ या हळहळीने आपलीही सोयच होते: घालवले ते कुणी, कोणत्या ठरावाने आणि कुणाच्या फायद्यासाठी, हे विचारावे लागत नाही.

मराठी प्रवासलेखनाला ही दृष्टी परकी होती असेही नाही. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला, पण पायपीट सत्तावनच्या धामधुमीतली. झाशी पडली तेव्हा ते गावात होते. लूट कुणी केली, मारले कोण गेले, आणि त्या दिवसांत पिण्याच्या पाण्याचे काय झाले, हे त्यांनी लिहून ठेवले.