सौम्य शब्दांची कसोटी

इंग्रजीचें व्याकरण व शब्दार्थ पाठ झाले म्हणजे ती भाषा आली, असें पुष्कळ विद्यार्थ्यांस वाटतें. परंतु नाजूक गोष्ट कोणत्या शब्दांत बोलावी, हा विवेक केवळ कोशांतून येत नाहीं. शोकाकुल घरीं गेलेला इंग्रज मनुष्य 'डाइड' हा शब्द सहसा टाळून 'पास्ड अवे' म्हणतो. वृद्धास 'ओल्ड' न म्हणतां 'एल्डर्ली' म्हणतो. दफनभूमीस तो 'सेमेटरी' म्हणतो, त्या शब्दाचा मूळ ग्रीक अर्थ 'निजण्याची जागा' असा आहे. अशा बोलण्यास आपण सौम्योक्ति म्हणूं. ही रीत आपणांस परकी नाहीं. निघतांना आपणहि 'जातों' न म्हणतां 'येतों' म्हणतों. दुकान 'बंद केलें' न म्हणतां 'वाढविलें' म्हणतों.

ऐकणाराचें दुःख हलकें करण्याचा हेतु असेल, तर सौम्योक्ति हा सौजन्याचाच भाग होय. तथापि नुसता शब्द बदलल्यानें मन बदलत नाहीं. इंग्लंडमध्यें १९५२ सालीं स्थापन झालेल्या एका संस्थेनें आपल्या नांवांत 'स्पॅस्टिक' हा शब्द घेतला. मेंदूच्या विकारामुळें ज्यांच्या स्नायूंवर ताबा राहत नाहीं, अशांकरितां तो वैद्यकांतील साधा शब्द होता. परंतु शाळेंतील मुलांनीं त्याचीच शिवी केली, आणि १९९४ सालीं संस्थेनें तें नांव टाकून 'स्कोप' हें नांव घेतलें. त्याच वर्षीं मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनीं अशा प्रकारास पायांनीं फिरवावयाच्या चक्राची उपमा दिली. त्या चक्रावर मनुष्य कितीहि चालला, तरी जागच्या जागींच राहतो. तसेंच मनांतील तुच्छता कायम असेल, तर ती प्रत्येक नव्या शब्दास चिकटते.

बोलणारा स्वतःचें कृत्य झांकण्यासाठीं गोड शब्द योजतो, तो प्रकार याहून घातक. नोकरास काढून टाकणारा मालक त्यास 'लेट गो' केलें म्हणतो. जणूं काय तो नोकरच जावयास उत्सुक होता! बिहारांतील मोतीहारी येथें जन्मलेले इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांनीं १९४६ सालच्या एका निबंधांत दाखवून दिलें कीं, बचावाचें साधन नसलेल्या खेड्यांवर बॉम्ब टाकण्यास 'पॅसिफिकेशन', म्हणजे शांतता-स्थापना, असें नांव देण्यांत येतें. पुढें युद्धांत निरपराध नागरिक मारले गेले, तर त्यास 'कोलॅटरल डॅमेज', म्हणजे आनुषंगिक हानि, असें म्हणण्याची रीत पडली. या शब्दांत ना प्रेत दिसतें, ना मारणारा.

तेव्हां माझ्या मतें कसोटी एकच: या शब्दानें कोणावर पांघरूण पडतें? दुसऱ्याच्या वेदनेवर पडत असेल, तर तो शब्द खुशाल वापरावा. आपल्या अपराधावर पडत असेल, तर तो कितीहि मधुर असो, असत्यच होय. परीक्षेंत शेजाऱ्याचें उत्तर उतरवून 'थोडी मदत घेतली' म्हणणारा विद्यार्थी याच वाटेनें चाललेला असतो. पालकांसहि एक विनंति आहे. व्यंग असलेल्यांविषयीं घरीं ज्या स्वरांत बोलणें होतें, तोच स्वर मुलें शाळेंत आणतात. तो स्वर आधीं सुधारावा. शब्द मग आपोआप सुधारतील.